हाताला साजेल ती काठी
(गोल्फपटू बॉबी जोन्स यांचे चरित्र)

आपले भोपाळ हे हॉकीचे शहर. ऐशबागच्या मैदानाचे नाव निघाले की येथील वृद्धांच्याही डोळ्यांत चमक येते, आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून काठी खांद्यावर टाकून मैदानाकडे निघालेली मुले दिसतात. अशा शहरातील शाळेत आंतरवर्गीय हॉकीचे सामने रंगावेत यात नवल नाही. यंदाच्या सामन्यांत इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याला काही केल्या चेंडू धड टोलवता येईना. दर वेळी तो आपल्या काठीकडे रागाने पाही आणि काठीलाच दोष देई. मी सीमारेषेजवळ उभा होतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी त्याला सर्वांदेखत ऐकवली. आमच्या गोव्याकडील घरांत कोंकणीतही ही म्हण थोड्याफार फरकाने हरघडी ऐकू येते, त्यामुळे ती माझ्या जिभेवर तयारच होती. मुले हसली आणि तो मुलगा खाली मान घालून खेळत राहिला.

सामना संपल्यावर ती काठी मी सहज हातात घेऊन पाहिली. ती त्याच्या थोरल्या भावाची होती. त्याच्या उंचीच्या मानाने फार लांब, आणि माझ्याही मनगटाला जड वाटावी अशी. अंगण खरोखरच वाकडे होते! त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. पुढे कित्येक दिवस माझ्या मनात एका थोर खेळाडूचे चरित्र घोळत राहिले. तो खेळाडू हॉकीचा नव्हे, गोल्फचा. भारतातला नव्हे, अमेरिकेतला. परंतु आपल्या हाताला कोणते साधन साजते हे ओळखण्याची विद्या त्याच्याइतकी फार थोड्यांना साधली असेल. त्याचे नाव रॉबर्ट टायर जोन्स. जग त्याला बॉबी जोन्स या नावाने ओळखते.

गोल्फचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला नसेल. पण तो आपल्या देशाला नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला, आणि ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईतही १८४२ साली असा क्लब निघाला होता. विस्तीर्ण हिरवळीवर दूर दूर अठरा होल, म्हणजे लहान खळगे, केलेले असतात. सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा एक चेंडू काठीने टोलवीत एकामागून एक या अठरा होलांत घालावयाचा, आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो विजयी. प्रत्येक अंतराला वेगळी काठी लागते. पहिला लांब पल्ल्याचा फटका ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात, आणि होलाजवळ आलेला चेंडू अलगद आत लोटण्याच्या काठीला पटर म्हणतात. काठी मागे उचलून, पूर्ण फिरवून, चेंडूवर आणण्याच्या हालचालीला स्विंग असे नाव आहे.

बॉबीचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अटलांटा शहरी झाला. वडील वकील होते. बॉबी लहानपणी अतिशय अशक्त होता. पोटाच्या विकारामुळे त्याला साधे घन अन्नही पचत नसे. मोकळी हवा मिळावी म्हणून जोन्स कुटुंब उन्हाळ्यात शहराबाहेर ईस्ट लेक येथे राहावयास गेले. घराला लागूनच गोल्फचे मैदान होते. हा योगायोगच त्याच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

त्या मैदानावर स्टुअर्ट मेडन नावाचा एक स्कॉटिश शिक्षक होता. स्कॉटलंडमधील कार्नूस्टी हे त्याचे गाव. बॉबीने त्याच्याजवळ रीतसर धडे घेतले नाहीत. तो नुसता त्याच्यामागून फिरे, त्याचा स्विंग टक लावून पाही, आणि घरी येऊन हुबेहूब तसाच फटका मारण्याचा प्रयत्न करी. अशा रीतीने केवळ डोळ्यांनी शिकलेली ती लय पुढे जगात सर्वांत डौलदार म्हणून नावाजली गेली. लांब, संथ, कोठेही हिसका नसलेली ती हालचाल पाहणाऱ्याला वाटे की, या माणसाला कसलीच घाई नाही.

परंतु स्विंग संथ असला तरी स्वभाव संथ नव्हता. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९१६ साली, बॉबी मेरियन येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि त्याने पहिले दोन सामने जिंकले. सर्वत्र त्याचा बोलबाला झाला. त्यानंतर मात्र सात वर्षे एकही मोठा विजय त्याच्या वाट्याला आला नाही. फटका चुकला की त्याचा संताप अनावर होई आणि तो काठी भिरकावून देई. १९२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरीत तो खेळावयास गेला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलाजवळ त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि काही केल्या बाहेर निघेना. संतापाच्या भरात त्याने स्पर्धाच अर्धवट सोडून दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील एका सामन्यात त्याने फेकलेली काठी जमिनीवरून उसळून एका प्रेक्षक बाईच्या पायाला लागली. संतापाला आवर घातल्याखेरीज आपल्या स्पर्धांत खेळता येणार नाही, असे गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला पत्राने स्पष्ट कळवले.

हे पत्र त्याच्या जीवनातील मोठा गुरू ठरले. काठी फेकणारा माणूस आपल्या अपयशाचा भार काठीवर टाकीत असतो, हे त्याला उमगले असावे. त्याने स्वतःला आवर घालण्याचा निश्चय केला आणि तो तडीस नेला. त्याच सुमारास त्याचे शिक्षणही चालू होते. १९२२ साली त्याने यंत्रशास्त्राची पदवी घेतली, १९२४ साली हार्वर्ड विद्यापीठातून इंग्रजी वाङ्‌मयाची पदवी मिळवली, आणि पुढे कायद्याचा अभ्यास करून तो वकील झाला. खेळ हा त्याचा धंदा कधीच नव्हता. स्पर्धा खेळत असताना बक्षिसाची रक्कम म्हणून त्याने एक पैही स्वीकारली नाही.

१९२३ साली न्यूयॉर्कजवळील इनवूड येथे जोन्स यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि सात दुष्काळी वर्षे संपली. या स्पर्धेच्या थोडे आधी स्टुअर्ट मेडनचा भाऊ जिम याने त्यांना एक जुना, साधा पटर दिला होता. तो हातात घेताच जोन्स यांना तो आपलासा वाटला. कॅलॅमिटी जेन या नावाने तो पुढे प्रसिद्धी पावला. कालांतराने घासून घासून त्याचे तोंड झिजले, तेव्हा त्यांनी त्याच्यासारखाच दुसरा पटर करवून घेतला; निराळ्या घडणीचा शोधला नाही.

त्यांच्या ड्रायव्हरची कथा याहून मनोरंजक आहे. जॅक व्हाइट या कारागिराने तो बनवला होता. हा जॅक व्हाइट स्वतः १९०४ सालचा ब्रिटिश खुल्या स्पर्धेचा विजेता होता. म्हणजे खेळाडूच्या हाताला काय हवे हे जाणणारा कारागीर. या ड्रायव्हरचे नाव जीनी डीन्स. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१८ सालच्या एका कादंबरीतील नायिकेचे हे नाव आहे. न्यायालयात एक खोटा शब्द उच्चारला तर सख्खी बहीण फाशीतून सुटते, असा प्रसंग आला असताही ती मुलगी खोटे बोलत नाही. मात्र बहिणीसाठी दयेची याचना करावयास स्कॉटलंडहून लंडनची वाट धरते आणि क्षमापत्र मिळवते. जोन्स यांच्या ड्रायव्हरला हे नाव किती शोभून दिसे, ते पुढील प्रसंगावरून कळेल.

त्या काळी गोल्फच्या काठ्यांचे दांडे हिकरी नावाच्या लाकडाचे असत. हे लाकूड चिवट व लवचीक; पण त्यात एक खोड आहे. फटका मारताना ते नुसते वाकत नाही, ते पिळवटतेही. हिसका देऊन काठी फिरवली तर तिचे डोके मागे रेंगाळते, तिचे तोंड तिरपे होते, आणि चेंडू भलतीकडेच जातो. चेंडू आणि काठी यांचा स्पर्श तो किती वेळ? सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग! तेवढ्या क्षणात काठीचे तोंड सरळ असावयास हवे. ज्याचा हात संथ, त्याला हिकरीचा दांडा साथ देई. ज्याचा हात उतावळा, त्याला तो दगा देई. शिवाय प्रत्येक झाडाचे लाकूड निराळे, म्हणून एका काठीसारखी दुसरी काठी मिळणे दुर्घट असे.

जोन्स यांनी आपल्या काठ्या एकदम विकत घेतल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे ठिकठिकाणच्या कारागिरांकडून एक एक काठी त्यांनी हातात घेऊन, फिरवून, पारखून निवडली होती. काठी फिरवताना तिच्या टोकाचा जो भार हाताला जाणवतो, तो सर्व काठ्यांत सारखा असला म्हणजे हाताची लय बिघडत नाही. आज हा भार मोजण्याचे यंत्र असते. जोन्स यांच्याजवळ यंत्र नव्हते. होता तो केवळ हात. पुढे त्यांच्या त्या जुन्या काठ्यांचा तोल यंत्रावर तपासण्यात आला, तेव्हा तपासणारे थक्क झाले. साऱ्या काठ्यांचा तोल एकमेकींशी जुळत होता. अपवाद एकाच काठीचा होता. तिचे नाव मॅशी-निब्लिक; ही एक लोखंडी काठी. आणि गंमत अशी की, याच एका काठीने जोन्स यांना आयुष्यभर त्रास दिला होता! एवढा थोर खेळाडू, पण ती काठी हातात आली की त्याचा फटका मनासारखा बसत नसे. दोष हाताचा नव्हता, काठीचा होता.

मुलांनो, विटी-दांडू खेळणारा खेडेगावातील मुलगा हीच विद्या जाणतो. तो बाजारात दांडू घ्यावयास जात नाही. झाडाची फांदी तोडून, आपल्या हाताच्या मापाने, आपल्या मुठीत बसेल अशा जाडीचा दांडू तो तासून घेतो. दुसऱ्याच्या दांडूने खेळताना त्याचा टोला चुकतो, आणि त्याचे कारण त्याला कोणी सांगावे लागत नाही.

आजचा ड्रायव्हर लाकडाचा राहिलेला नाही. त्याचे डोके धातूचे किंवा तत्सम पदार्थाचे, आतून पोकळ व मोठे असते. नियमाने ते ४६० घनसेंटीमीटरांपेक्षा मोठे चालत नाही. काठीची लांबीही ४८ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि २०२२ पासून मोठ्या स्पर्धांना ही मर्यादा ४६ इंचांवर आणण्याची मुभा मिळाली आहे. परंतु निवडीचे तत्त्व तेच आहे. ज्याचा स्विंग सावकाश, त्याने दांडा लवचीक घ्यावा आणि काठीचे तोंड थोडे अधिक मागे कललेले असावे, म्हणजे चेंडू हवेत सहज उचलला जातो. ज्याचा स्विंग वेगवान, त्याला कडक दांडा मानवतो. लवचीक दांडा त्याच्या हातात भरकटतो. लांब काठीने वेग वाढतो हे खरे. पण चेंडू काठीच्या नेमक्या मध्यावर लागणे तितकेच अवघड होते. म्हणून विजेत्याचा ड्रायव्हर विकत घेणारा नवशिका बहुधा फसतो. त्याने विजेत्याची काठी घेतलेली असते, विजेत्याचा हात नव्हे. आधी आपला स्विंग कसा आहे हे प्रामाणिकपणे पाहावे आणि मग त्याला जुळणारी काठी घ्यावी, हाच खरा क्रम होय.

स्वतःकडे असे प्रामाणिकपणे पाहणे हे वाटते तितके सोपे नाही. १९२५ साली वूस्टर येथे अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत जोन्स यांचा चेंडू लांब गवतात पडला होता. फटका मारण्याच्या बेतात असता काठीच्या स्पर्शाने गवत हलले आणि चेंडू किंचित सरकला. दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीस ते पडले नाही. जोन्स यांनी मात्र स्वतः होऊन पंचांना सांगितले आणि आपल्या नावे एक दंडाचा फटका मांडावयास लावला. आम्ही काही पाहिले नाही, असे पंचांचे म्हणणे पडले. तरी त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. स्पर्धेअखेर विली मॅकफर्लेन या खेळाडूशी त्यांची बरोबरी झाली, आणि बरोबरी फोडण्यासाठी झालेल्या जादा फेऱ्यांत ते अवघ्या एका फटक्याने हरले. तो दंड घेतला नसता तर बरोबरी झालीच नसती आणि विजेतेपद त्यांचेच होते. लोकांनी याबद्दल स्तुती केली, ती त्यांना मुळीच रुचली नाही. चोरी न केल्याबद्दल कोणी कोणाची पाठ थोपटीत नाही, अशी त्यांची धारणा होती. चार वर्षांपूर्वी काठी फेकणारा तो उतावळा तरुण आता कोठल्या कोठे गेला होता!

१९३० हे वर्ष त्यांच्या कीर्तीचा कळस ठरले. तोवर पोलादी दांड्यांच्या काठ्यांना मान्यता मिळाली होती. अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली. पोलाद पिळवटत नाही, म्हणून अनेक खेळाडू त्याकडे वळू लागले होते. जोन्स यांनी मात्र आपल्या हाताशी जुळलेली हिकरी सोडली नाही. त्या वर्षी मे महिन्यात सेंट अँड्र्यूज येथे त्यांनी ब्रिटनची हौशी स्पर्धा जिंकली. जूनमध्ये हॉयलेक येथे ब्रिटनची खुली स्पर्धा. जुलैमध्ये इंटरलॅकन येथे अमेरिकेची खुली स्पर्धा. आणि सप्टेंबरमध्ये मेरियन येथे अमेरिकेची हौशी स्पर्धा. त्या काळच्या चारही श्रेष्ठ स्पर्धा एकाच वर्षी जिंकणारा दुसरा खेळाडू झाला नाही. न्यूयॉर्क शहराने त्यांची मिरवणूक काढली. १९२६ सालीही असाच मान त्यांना मिळाला होता. १९२३ ते १९३० या आठ वर्षांत त्यांनी एकूण तेरा श्रेष्ठ स्पर्धा जिंकल्या. जेथे प्रथम अवघा चौदा वर्षांचा मुलगा म्हणून ते खेळले, त्याच मेरियनच्या मैदानावर हा पराक्रम पूर्ण झाला, आणि काही आठवड्यांनी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली.

निवृत्तीनंतर त्यांनी चित्रपटांतून गोल्फचे धडे दिले आणि स्पॉल्डिंग या कंपनीसाठी पोलादी दांड्याच्या, एकमेकींशी जुळणाऱ्या काठ्यांचा संच तयार करण्यात भाग घेतला. आपल्या हाताने जे वर्षानुवर्षे शोधले ते सामान्य खेळाडूला सहज मिळावे, असा त्या कामाचा उपयोग झाला. जॉर्जियातच ऑगस्टा येथे एका सुंदर मैदानाची रचना त्यांनी अ‍ॅलिस्टर मॅकेंझी या तज्ज्ञाच्या साहाय्याने केली. तेथे १९३४ साली सुरू झालेली मास्टर्स स्पर्धा आज जगप्रसिद्ध आहे.

परंतु नियतीने त्यांची खरी परीक्षा अजून घ्यावयाची ठेवली होती. १९४८ साली ते शेवटची फेरी खेळले. त्यांना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा दुर्धर विकार जडला होता. शस्त्रक्रिया झाल्या, पण गुण आला नाही. ज्या हातांना काठीच्या तोलातील बारीकसा फरकही कळे, त्या हातांतील शक्ती हळूहळू ओसरू लागली. आधी हातात काठी आली, ती आधाराची; मग कुबड्या आल्या; मग चाकांची खुर्ची. या दीर्घ आजारात त्यांनी आपल्या दैवाविषयी त्रागा केला नाही. चेंडू जेथे पडला असेल तेथूनच तो खेळावयाचा असतो, हा गोल्फचा नियम त्यांनी आपल्या जीवनालाही लावून घेतला होता.

१९५८ साली सेंट अँड्र्यूज नगराने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँकलिन यांच्यानंतर हा मान मिळालेले ते पहिलेच अमेरिकन होत. ज्या गावी त्यांनी संतापाने खेळ अर्धवट टाकला होता, त्याच गावाने त्यांना आपला पुत्र मानले! १८ डिसेंबर १९७१ रोजी अटलांटा येथे त्यांचे निधन झाले. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरील दहाव्या होलाला आज त्यांचे नाव आहे, आणि अमेरिकेची गोल्फ संघटना खिलाडूवृत्तीसाठी जो पुरस्कार देते, तोही त्यांच्याच नावाचा आहे.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून बोध घ्यावयाचा तो दुहेरी आहे. काठी फेकणाऱ्या बॉबीला जगाने सांगितले की, दोष तुझा आहे. आणि ते खरे होते. मॅशी-निब्लिकशी आयुष्यभर झगडणाऱ्या जोन्स यांना यंत्राने सांगितले की, दोष काठीचा होता. आणि तेही खरे होते. यांपैकी आपली गोष्ट कोणती, हे ठरवण्यापूर्वी शांतपणे काठीही पाहावी आणि हातही पाहावा. हे जसे बॅट, हॉकीची काठी वा टाक निवडताना लागू आहे, तसेच अभ्यासाची पद्धत, विद्याशाखा आणि पुढे व्यवसाय निवडतानाही लागू आहे. मित्राने घेतली म्हणून घेतलेली विद्याशाखा ही थोरल्या भावाच्या काठीसारखीच असते.

आणि हा बोध विद्यार्थ्यांपुरताच नाही. आम्हां शिक्षकांनाही तो तितकाच हवा. आठवीतील त्या मुलाला क्रीडाविभागाच्या कपाटातून त्याच्या उंचीची एक जुनी काठी काढून दिली आहे. तो अद्याप मोठा खेळाडू झालेला नाही, आणि होईलच असेही नाही. पण आता चेंडू त्याच्या काठीला लागतो. ती म्हण मी अजूनही वापरतो. मात्र आधी अंगण पाहून येतो.